ओरिजनल जेबीच्या नावाखाली साडेपाच हजारांना गंडलो

आमचा भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा आहे, परभणीचा. 14 एप्रिलपासून मे संपेपर्यंत गावोगाव कार्यक्रम, त्यामुळं गिटारीची डागडुजी मार्चातच उरकावी लागते. माझ्या गिटारीचा ब्रिजकडचा हंबकर, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा दोन कॉइलींचा पिकअप, आवाज जरा वाढवला की कुकरच्या शिट्टीसारखा किंचाळायचा. बदलायचं ठरवलं. डोक्यात सेमूर डंकन कंपनीचा जेबी नावाचा पिकअप होता, पण नवा परवडेना, म्हणून मोबाइलवर जुन्या सामानाच्या जाहिराती धुंडाळल्या.

संभाजीनगरचा एक जण साडेपाच हजारांना देत होता. बोलायला एकदम गोड. "दादा, मी स्वतः वाजवतो, दुसरी गिटार घेतली म्हणून काढलाय." 1970 च्या दशकात स्वतः सेमूर डंकननं गिटारवादक जेफ बेकसाठी गिटार कशी तयार केली, त्यातून जेबी कसा आला, सगळी कथा ऐकवली. कथा खरी आहे आणि तिथंच मी विरघळलो. एवढं माहीत असलेला माणूस खोटा माल कशाला विकेल? व्हिडिओ कॉलवर वाजवूनही दाखवलं. डिस्टॉर्शन पेडल लावून मोबाइलच्या स्पीकरवर कुठलाही पिकअप भारीच वाटतो, हे तेव्हा सुचलं नाही. "नांदेडचं एक गिऱ्हाईक संध्याकाळी न्यायला येतंय," म्हणाला आणि मी सगळे पैसे पाठवून मोकळा. ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं. डबा, स्टिकर, सगळं झकास.

बसवला. आवाज मेंगळट, आणि शिट्टी आहे तशीच.

ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या आमच्या मामांकडं गेलो. त्यांनी आधी गिटार उघडलीच नाही. जॅकमध्ये केबल घातली, व्हॉल्यूम फुल केला, मीटर ओहमवर ठेवून एक सळई केबलच्या मोकळ्या पिनच्या टोकाला लावली, दुसरी त्याच पिनच्या दांड्याला. कॉइलींचा रेझिस्टन्स आला 8.1 किलोओहम. जेबीचा आकडा साधारण 16.4. व्हॉल्यूमच्या बटणाखालचा 500 किलोओहमचा पॉट समांतर येतो, म्हणून असं मोजल्यावर तो 16 च्या जवळपास दिसायला पाहिजे.

"मास्तर, हे निम्मंच दाखवायलंय की!"

दोनपैकी एकच कॉइल चालू असली तरी निम्मा आकडा येतो. म्हणून मामांनी ॲम्प लावून दोन्ही कॉइलींवर स्क्रूड्रायव्हर हळूच टकटकवला. दोन्हीकडून ठक ठक आली. म्हणजे कॉइली दोन्ही जिवंत, तारेचे वेटाळेच कमी.

तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. म्हणाला, "दादा, तुमच्याकडं ऊन लई, उन्हात रीडिंग कमी येतं." मामा खो खो हसले. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो; 20 अंशांनी तापलं तर जवळपास 8 टक्क्यांनी. परभणीच्या उन्हात आकडा चढायला पाहिजे, उतरायला नव्हे! फोन कट. नंतर नंबर ब्लॉक.

मग पिकअप बाहेर काढला. जेबीला चार रंगांच्या तारा आणि एक उघडी तार असते, याला एक तार आणि वर जाळी. टेप सोडवली तर आत काळाभोर, मातकट चुंबक. जेबीत अल्निको 5 असतो, तो धातूचा. मामांनी चुंबकाला मीटर लावून दाखवलं. अल्निकोतून करंट जातो, सिरॅमिकमधून जात नाही. मीटर ढिम्म.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर पंधरा दिवस उलटले होते. तो नंबर त्याच दिवशी फिरवायचा असतो, पैसे पुढं सरकायच्या आत. माझे अजून आलेले नाहीत. तुम्ही घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर पिकअप पालथा करायला लावा, तारा मोजा आणि तुमच्या डोळ्यांदेखत मीटर लावायला सांगा. मीटरचा फोटो पाठवतो म्हणाला तर घेऊ नका, फोटो कुणाचाही असतो.

शेवटी मामांनी माझा जुनाच पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला. साधं मेण आणि थोडं मधमाशीचं, पातेलं पाण्यात ठेवून, कारण थेट आचेवर प्लास्टिकची बॉबिन वितळते. कॉइलीच्या सैल तारा घट्ट बसल्या आणि शिट्टी गेली. मामांनी दोनशे रुपये घेतले.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, खालचा फुलाफुलांचा टेबलक्लॉथही तोच. गाव आता लातूर, भाव सहा हजार.