ऑगस्टिन की अक्वायनस, प्रबंधासाठी आधी कोण?

तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राचं नातं हा विषय घेतलायस आणि ऑगस्टिन आणि अक्वायनस या दोन ख्रिस्ती विचारवंतांत अडकलायस, तर मी दोघंही वाचलेत म्हणून सांगतो.

वाचायला ऑगस्टिन सोपा, त्याचं आत्मकथन ‘कन्फेशन्स’ म्हणजे सरळ देवाशी बोलणंच आहे, पण अकराव्या भागात तो अचानक काळ म्हणजे काय ते उकलायला घेतो आणि मी तिथेच दोन दिवस अडकलो होतो. प्लेटोवाद्यांचे विचार प्रार्थनेत इतके मुरलेत की तर्क कुठला आणि श्रद्धा कुठली हे वेगळं काढण्यातच वेळ जातो.

१३व्या शतकातला अक्वायनस वाचायला अॅरिस्टॉटल थोडा तरी यायलाच हवा. त्याच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथाची मांडणी मात्र फार सुंदर, आधी आक्षेप, मग स्वतःचं उत्तर, मग एकेक आक्षेप खोडणं, आपल्याकडच्या पूर्वपक्ष-सिद्धान्ताची सवय असेल तर घरचंच वाटतं. शिवाय देव आहे हे बुद्धीने कळतं पण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे नुसत्या बुद्धीने कळत नाही, अशी सीमारेषा तो स्वतःच आखून देतो, आणि तुझा विषय तर नेमका तोच.

वेळ कमी असेल तर अक्वायनसच घे, तोही ‘सुम्मा’तला एखादाच प्रश्न. विचार करता करता माणूस श्रद्धेपर्यंत कसा पोचतो हे शोधायचं असेल तर ऑगस्टिन, पण मग हाताशी वर्षभर तरी ठेव.