वॉरिक की केनिलवर्थ?

इंग्लंडच्या मध्यभागी हे दोन किल्ले जेमतेम आठ किलोमीटरवर आहेत. हाताशी एकच दिवस असेल, तर कुठला बघावा?

वॉरिकची सुरुवात इंग्लंड जिंकणारा राजा विल्यम द कॉन्करर याने 1068 मध्ये केली. बुरूज शाबूत, दालनं सजवलेली. मुलं बरोबर असतील तर खुशाल तिकडे जा, वेळ मजेत जाईल. पण सगळं इतकं नीटनेटकं मांडलेलं आहे की डोक्याला काही काम उरत नाही.

केनिलवर्थ पडका आहे, आणि माझं मत त्यालाच. 1266 मध्ये इथल्या बंडखोरांनी राजा तिसऱ्या हेन्रीच्या सैन्याला सुमारे सहा महिने झुंजवलं. ओढे अडवून केलेलं प्रचंड तळं किल्ल्याचं रक्षण करत होतं. शेवटी उपासमार आणि रोगराईने त्यांना नमवलं. पुढे रॉबर्ट डडली या राणीच्या लाडक्या सरदाराने राणी पहिल्या एलिझाबेथसाठी मोठमोठ्या खिडक्यांची इमारत उठवली. 1575 मध्ये राणी इथे 19 दिवस राहिली. मुख्य बुरुजाची उत्तरेकडची भिंत जवळून पाहा: ती काळाने ढासळलेली नाही, सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवी युद्धानंतर संसदेच्या पक्षाने मुद्दाम पाडली, किल्ला पुन्हा लढू नये म्हणून. उरलेल्या भिंतींची जाडी त्या खिंडारातूनच कळते. तळंही तेव्हाच रिकामं केलं. आज तिथे गवताळ रान आहे. त्याला वळसा घालून चालत या, लाल दगडाचा किल्ला तिथूनच सगळ्यात भारी दिसतो.