२८ लिटरचा ओटीजी, वर्षभर वापरून (ॲपल सायडर पाय करणाऱ्यांसाठी खास)

गेल्या दसऱ्याला घेतला हा ओटीजी (म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, विजेची छोटी भट्टी), वर्ष झालं. केक, नानकटाई, पाव सगळं व्यवस्थित होतंय, त्यावर जास्त लिहीत नाही, केक काय कुकरमध्ये पण होतो की. मी घेतला होता पायसाठी (मैद्याच्या पारीत सफरचंदाचं सारण भरून भाजतात तो अमेरिकन पदार्थ) आणि खरा कस तिथंच लागला म्हणून तेच सांगते.

माझी नणंद अमेरिकेत असते, ऑक्टोबर आला की तिकडच्या सफरचंदाच्या बागेतनं सायडर आणते आणि पाय करून फोटो पाठवते. आता आमच्या बेळगावात दुकानात सायडर मागितलं की व्हिनेगरची बाटली पुढं येते, ते नव्हे हं! अमेरिकेत सायडर म्हणजे सफरचंदाचा ताजा, न गाळलेला गढूळ तपकिरी रस, त्यात दारू नाही काही नाही. इंग्लंडमध्ये मात्र सायडर म्हणजे दारूच. व्हिनेगर पायच्या सारणात ओतलं तर सगळं वाया जाईल म्हणून आधीच सांगितलं.

रस मी घरीच काढते. नवरात्रात गणपत गल्लीत सफरचंदं भरपूर असतात, २ किलो मिक्सरला फिरवून पंचातनं पिळली की लिटरभर रस निघतो. तो मंद गॅसवर पाव लिटर होईपर्यंत आटवायचा, आमच्या बेळगावी कुंद्याच्या मिठाईला दूध आटवतात तेवढाच धीर लागतो, सासूबाई दोनदा येऊन विचारून गेल्या काय करालीस ग एवढा वेळ म्हणून. शेवटी पातळ काकवीसारखा होतो आणि घरभर असा वास सुटतो की काय सांगू. आपल्याकडची लाल सफरचंदं नुसती गोड असतात, आंबटपणा नाही, म्हणून सारणात एका लिंबाचा रस घालाच. किलोभर फोडी, आटवलेला रस, ३ चमचे कॉर्नफ्लोअर, दालचिनी, किंचित जायफळ, साखर चवीपुरती. पारीला ३०० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम थंडगार बटर, हाताच्या उबेनं बटर वितळायच्या आत चोळायचं, बर्फाच्या पाण्यानं जेमतेम गोळा करायचा आणि तासभर फ्रिजमध्ये.

आता ओटीजी. पहिला पाय वरनं सुंदर सोनेरी आणि खाली पांढरी ओली कणीक! मी रडायच्या बेतात आले होते, एवढा आटवलेला रस गेला. दुसऱ्या वेळी पण तेच. मग ओव्हनचा थर्मामीटर मागवून आत ठेवला तर नॉब २०० वर आणि आत १७५. सर्व्हिसला दोनदा फोन केला, येतो म्हणाले, आलं कुणी नाही. ही या ओटीजीची सगळ्यात मोठी खोट, आणि केकमध्ये ती कळतच नाही कारण केक १७५ ला पण फुगतो. पायचं तसं नाही, खालची पारी पटकन तापली नाही तर बटर नुसतं वितळून वाहतं, सारणाचं पाणी पारीत मुरतं आणि मग कितीही वेळ ठेवा, ती कुरकुरीत होतच नाही.

उपाय सापडला तो असा. नॉब २२५ वर, रिकामा ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत ठेवून २० मिनिटं तापवायचा, त्या तापलेल्या ट्रेवरच पायचं भांडं, आणि पहिली २० मिनिटं फक्त खालचा रॉड. मग दोन्ही रॉड, नॉब २०० वर, अजून ३५ मिनिटं. कडा काळपटायला लागल्या तर फॉईल. वरच्या पारीला पाडलेल्या चिरांतनं सारण खदखदताना दिसलं पाहिजे, त्याशिवाय कॉर्नफ्लोअर घट्ट होत नाही. आणि ३ तास गार होऊ द्या, गरम कापलात तर आमटी.

रॉड वेगवेगळे चालवता येतात ही याची सगळ्यात चांगली गोष्ट, घेताना ते बघूनच घ्या. ९ इंची भांडं आरामात मावतं, मागची बाजू लवकर भाजते म्हणून मध्ये एकदा फिरवावं लागतं. १५०० वॅटचा आहे, एका पायला २ युनिटपेक्षा कमीच लाईट जाते, पण १६ ॲम्पिअरचा प्लग पाहिजे, आमच्या बेळगावातल्याच शहापूर भागातल्या जुन्या घरात तो नव्हताच, वेगळी वायर ओढून घेतली. एक्स्टेन्शनवर अजिबात लावू नका.

५ पैकी ४ देते. कोजागिरीला मसाला दुधाबरोबर गच्चीवर कापला तेव्हा खालची पारी कडकडीत वाजली. थर्मामीटर आता आतच लटकवून ठेवलाय, नॉबवरचे आकडे बघायचं सोडलंय.