वीटभट्टीवरच्या मुलांना शाळेत टिकवणारी सेवा : एका देणगीदाराचा अभिप्राय

परदेशातली नोकरी सोडून मायदेशी परतलेल्या नागपूरच्या एका दांपत्याने कामठी-कोराडी परिसरातील वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी ही शालेय मदत सेवा सुरू केली आहे. मी तिला दरमहा देणगी देतो आणि सवड मिळेल तसा संध्याकाळच्या वर्गावर शिकवायलाही जातो. देणगी द्यावी की नाही, या विचारात असलेल्यांसाठी हे लिहीत आहे.

या दोघांनी स्वतःची नवी शाळा काढली नाही, हा त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळांत वर्ग आहेत, शिक्षक आहेत, दुपारचे जेवणही मिळते. अडते ते मूल तिथवर पोहोचण्यात. दिवाळीनंतर छत्तीसगड, गोंदिया, भंडारा भागांतून कुटुंबे भट्ट्यांवर येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. त्यामुळे अर्धे वर्ष सरल्यावर मूल शाळेच्या दाराशी उभे राहते, तेही बहुधा कोणताच दाखला हाती नसताना. वास्तविक १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा उशिरा आला म्हणून परत पाठवता येत नाही, आणि त्याला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. पण दिवसभर विटा थापणाऱ्या आईबापांना हे सांगणार कोण?

सेवेतील ताईंच्या पिशवीत कायद्याच्या कलम १४ आणि १५ ची लॅमिनेट केलेली प्रत असते. एका शाळेत लिपिकाने ‘आधी जन्मदाखला आणा, मग बघू’ असे सुनावले, तेव्हा त्यांनी आवाज न चढवता ती प्रत टेबलावर ठेवली, नेमक्या ओळीवर बोट ठेवले आणि मुख्याध्यापक येईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. मुलीचे नाव त्याच दिवशी पटावर चढले.

मात्र नाव पटावर चढले म्हणजे मूल वर्गात बसले, असे होत नाही, आणि ही सेवा मला मोलाची वाटते ती इथेच. त्यांच्या हजेरीवहीत गैरहजर मुलाच्या नावापुढे नुसती फुली नसते, तर कारण लिहिलेले असते. मोठ्या मुलींच्या नावांपुढे ‘धाकट्या भावाला सांभाळायला थांबली’ हे कारण वारंवार दिसू लागल्यावर त्यांनी भट्टीवरच सावलीत एक छोटे पाळणाघर सुरू केले. त्यानंतर त्या मुली नियमित येऊ लागल्या. इतक्या बारकाईने वही वाचणारी माणसे मी क्वचितच पाहिली आहेत.

दोन उणिवा मात्र स्पष्टपणे सांगायला हव्यात. मुलांच्या घरी छत्तीसगढी किंवा हिंदी बोलली जाते आणि शाळेत मराठी; असे असताना संध्याकाळच्या वर्गाची सुरुवात इंग्रजी अक्षरांनी होते. देणगीदारांना ते आवडत असले, तरी ज्या मुलाला गुरुजींची सूचनाच कळत नाही, त्याला आधी मराठी बोलायला शिकवले पाहिजे. दुसरे असे की, कुटुंब गावी परतले की सेवेचा मुलाशी असलेला संपर्क तुटतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शाळेकडून मिळणारे शिक्षण हमी पत्रक सोबत दिले जाते खरे, पण ते गावच्या शाळेत पोहोचले का, याची फोन करून खात्री करून घेण्याची जबाबदारी कोणावर तरी सोपवायला हवी.

हिशेब चोख आहे आणि पावती वेळेवर मिळते. देणगी जरूर द्यावी, पण शक्य असल्यास एकरकमी न देता दरमहा द्यावी, कारण मुलांना शाळेत नेणाऱ्या गाडीचे डिझेल आणि पाळणाघरातील मावशींचा पगार हे खर्च दर महिन्याला येतात.