पहिलं ट्रॅव्हल कार्ड: शून्य मार्कअप की एअर माइल्स?

परदेशवारीसाठी पहिलं क्रेडिट कार्ड घेताना बहुतेक जण आधी पॉइंट्स किती मिळतात ते बघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी मार्कअप बघा, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क.

बँकॉकहून परतल्यावर माझ्या पहिल्या कार्डाचं स्टेटमेंट आलं. हॉटेलच्या बिलाखाली दोन बारीक ओळी होत्या: एक परकीय चलन शुल्काची, दुसरी त्यावरच्या जीएसटीची. साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभर रुपयांमागे ४ रुपये १३ पैसे. दीड लाख खर्च केलात तर ६,१९५ रुपये नुसते यातच जातात. वर्षभर जमवलेले पॉइंट्स एका सहलीत धुऊन निघाले.

म्हणून दोन वेगळ्या जातीची कार्डं शेजारी ठेवून बघू: स्कॅपिया फेडरल आणि अ‍ॅक्सिस अ‍ॅटलस.

स्कॅपियाला ना जॉइनिंग फी, ना वार्षिक फी. मार्कअप शून्य. देशातल्या साध्या खर्चावर १०० रुपयांना १० कॉइन मिळतात, पण ५ कॉइनचा रुपया होतो, म्हणजे खरा परतावा २ टक्के. जाहिरातीतल्या ‘१० टक्के’वर हुरळू नका. हे कॉइन त्यांच्याच अ‍ॅपमधल्या प्रवासाच्या बुकिंगला वापरता येतात. विमान कंपनीच्या खात्यात वळवता येत नाहीत.

अ‍ॅटलसची वार्षिक फी ५,००० रुपये, जीएसटी धरून ५,९००. साध्या खर्चावर १०० रुपयांना २ एज माइल्स (या कार्डाचे पॉइंट), थेट विमान कंपनीकडे किंवा हॉटेलकडे बुकिंग केलं तर ५. मार्कअप मात्र तोच साडेतीन टक्के. याची खरी ताकद माइल्स वळवण्यात आहे: सिंगापूर एअरलाइन्ससारख्या कंपन्यांच्या खात्यात एका माइलचे २ पॉइंट होतात.

समजा, तुमचा देशातला साधा खर्च वर्षाला ३ लाख आहे. स्कॅपियावर ६,००० रुपयांचे कॉइन जमतील. अ‍ॅटलसवर ६,००० माइल्स आणि ३ लाखांच्या टप्प्याचे २,५०० बोनस, असे ८,५००. ते बँकेच्याच प्रवास बुकिंगच्या पोर्टलवर रुपयाला एक या भावाने वापरले तर फी वजा जाता हाती २,६०० उरतात. म्हणजे पोर्टलवरच वापरायचे असतील तर अ‍ॅटलस घेऊ नका. विमान कंपनीकडे वळवले तर १७,००० पॉइंट होतात आणि मग चित्र पालटू शकतं.

‘शकतं’ म्हणतोय, कारण पॉइंटवरच्या सीटा मोजक्याच असतात. मुलांच्या शाळेमुळे मे महिन्यात किंवा दिवाळीतच निघावं लागणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला एकाच विमानात चार सीटा मिळणं फार अवघड. शिवाय विमानतळाचे कर रोखीनेच भरावे लागतात. एकटे किंवा दोघं असाल, तारखा मागेपुढे करता येत असतील, आणि ऑफिसच्या कामाची तिकिटं स्वतःच्या कार्डावर काढून नंतर पैसे परत मिळत असतील, तर अ‍ॅटलस तुमच्यासाठी आहे.

मधला रस्ता म्हणून अनेक जण एचडीएफसी रेगालिया गोल्ड सुचवतात. २ टक्के मार्कअप ठीक आहे, पण पहिल्या कार्डासाठी मला तो अर्धवट तोडगा वाटतो. पगाराची स्लिप नसलेल्यांनी, म्हणजे परदेशी शिकायला निघालेल्या मुलांनीही, एफडीवर मिळणारं शून्य मार्कअपचं आयडीएफसी फर्स्ट वॉव जरूर बघावं. विमानतळावरच्या लाउंजसाठी कार्ड निवडू नका. त्या अटी बँका सारख्या बदलतात. बाकीच्या अटीही बदलतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साइटवर आकडे पुन्हा ताडून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे: पहिलं कार्ड शून्य मार्कअपचंच घ्या. वर्षभर बिल पूर्ण आणि वेळेवर भरण्याची सवय लागली की माइल्सचं दुसरं कार्ड. बिल थकवणाऱ्याला वर्षाला ४० टक्क्यांच्या वर व्याज पडतं. तिथे कुठलेच पॉइंट पुरे पडत नाहीत.

कार्ड हातात आलं की निघण्याआधी अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा, नव्या कार्डावर ते बंदच असतात. आणि तिकडे दुकानातल्या मशीनने ‘रुपये की बाट (थायलंडचं चलन)?’ विचारलं, तर बाटच निवडा. रुपये निवडलेत तर दर त्या मशीनवाल्याचा लागतो, आणि शून्य मार्कअपचा फायदा तिथेच संपतो.