बेदाणा कोल्ड स्टोरेजमधली विद्यार्थ्यांनी बनवलेली तापमान-नोंद यंत्रणा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. यंत्रणा रोज वापरात आहे, रात्रपाळीचा ऑपरेटर तिच्यावर विसंबतो आणि येत्या जुलैत दुसरा स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट (खर्च कोल्ड स्टोरेजचा, काम कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं) द्यायचं ठरलं आहे. पण मे महिन्यात अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी सोपवली ती यंत्रणा आणि आज भिंतीवर चालते ती, यांत बराच फरक आहे. तो फरक कुठे आणि का पडला, हे सांगली-तासगाव भागात प्रोजेक्ट द्यायच्या विचारात असलेल्यांना उपयोगी पडेल. कोल्ड स्टोरेज असो, हळदीचं गोदाम असो की कुपवाडचा एखादा कारखाना, अडचणी साधारण याच येतात.

मागणी साधी होती. सहा चेंबर, प्रत्येकात दोन तापमान आणि एक आर्द्रता, दर पाच मिनिटांनी नोंद, मर्यादा ओलांडली की सूचना. आधी ऑपरेटर दर दोन तासांनी वहीत आकडे लिहायचा. विद्यार्थ्यांनी प्रत्येक चेंबरसाठी ईएसपी-३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर), तापमानाला डीएस१८बी२० सेन्सर, आर्द्रतेला एसएचटी३१ सेन्सर आणि ऑफिसात सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक अशी मांडणी केली. घटकांची ही निवड योग्य होती, त्यात आजही मोठी चूक दिसत नाही. चुका तारेत, वीजपुरवठ्यात आणि खात्यांत होत्या.

पहिली गोष्ट जागेची. बोर्ड चेंबरच्या आत लावून चालत नाही. भिंतीच्या पफ (फोम भरलेल्या) पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो आणि दार बंद झालं की वाय-फाय संपतं. म्हणून बोर्ड बाहेर, चेंबरसमोरच्या अँटे-रूममध्ये, आणि फक्त सेन्सरची केबल आत. हे ठरलं की दुसरा प्रश्न उभा राहतो. कॉलेजच्या टेबलावर वीतभर तारेवर बिनचूक चालणारा एसएचटी३१ बारा मीटर केबलवर गप्प बसतो. तो आयटूसी या जवळच्या अंतराच्या संवाद-पद्धतीवर बोलतो आणि आयटूसी मुळात एका बोर्डावरच्या, फार तर एका पॅनेलमधल्या अंतरासाठी आहे. केबलची धारिता (तारांमध्ये विद्युतभार साठण्याची क्षमता) वाढली की सिग्नलच्या कडा गोल होतात आणि वाचन तुटतं. शेवटी सहाही जागी आरएस-४८५ (लांब केबलसाठीची औद्योगिक जोडणी) वर चालणारे, मॉडबस पद्धतीने आकडे पाठवणारे आर्द्रतेचे ट्रान्समीटर बसवले: पिळलेली जोडतार, ९६०० बॉड, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध. ईएसपी-३२ हा ३.३ व्होल्टचा असल्याने या जोडणीसाठी ५ व्होल्टच्या मॅक्स४८५ ऐवजी मॅक्स३४८५ ही चिप घ्यावी. ऑक्टोबरपासून आर्द्रतेचं एकही वाचन चुकलेलं नाही.

डीएस१८बी२० लांब तारेवर चालतो, पण त्याचीही शिस्त आहे. एका बिंदूपासून दोन दिशांना फुटणाऱ्या तारा त्याला सोसत नाहीत. एकच सरळ ओळ आणि त्या ओळीवर दोन्ही सेन्सर, असं हवं. पुल-अप रोध (सिग्नलची तार वीजपुरवठ्याला जोडणारा) ४.७ किलो-ओहमवरून २.२ वर आणल्यावर उरलेली तुटतूट थांबली. याच सेन्सरचे दोन आकडे प्रत्येकाने पाठ करून ठेवावेत: ८५ आणि उणे १२७. सेन्सरला नुकतीच वीज मिळाली आणि मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचला तर तो ८५ अंश सांगतो (सर्वांत बारीक, १२ बिटच्या मोजणीस ७५० मिलीसेकंद लागतात), आणि तार तुटली तर सेन्सर वाचणारी तयार कोड-लायब्ररी उणे १२७ देते. मूळ कोडमध्ये हे दोन्ही आकडे खरे मानले जात. चार अंशांच्या चेंबरमध्ये रात्री अडीचला ८५ अंशांची सूचना दोनदा आली की तिसऱ्या, खऱ्या सूचनेकडे कोणी बघत नाही. हे दोन आकडे गाळणं चार ओळींचं काम आहे, पण ते स्वीकृती-चाचणीत लिहिलेलं नसेल तर राहून जातं.

वीजपुरवठ्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. बोर्डांना मोबाइलचे स्वस्त चार्जर दिले होते. अमोनिया कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं, त्याच क्षणी वाय-फाय पाठवत असेल तर बोर्डाला पुरेसा करंट मिळत नाही, ब्राउनआउट (व्होल्टेज फार खाली जाणं) होऊन तो रिसेट होतो. दिवसातून तीस-चाळीस रिसेट होत होते आणि डॅशबोर्डवर ते दिसत नव्हते, कारण बोर्ड काही सेकंदांत परत उभा राहायचा. डिन-रेलवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) बसणारे ५ व्होल्टचे एसएमपीएस, म्हणजे औद्योगिक पॉवर सप्लाय, लावल्यावर हे शून्यावर आलं. बोर्डाने दर वेळी आपण कितव्यांदा आणि कशामुळे सुरू झालो हे नोंदीसोबत पाठवावं, अशी अट पहिल्या दिवसापासून घाला. हा एक आकडा महिनाभराचा शोध वाचवतो.

प्लांट-रूमजवळच्या दोन बोर्डांची गोष्ट निराळी. अमोनिया तांब्याला आणि पितळेला खातो. साध्या टर्मिनल स्ट्रिपवर पावसाळ्यातच हिरवट थर आला आणि वाचनं उड्या मारू लागली. धूळ-पाणी आत न जाणारा आयपी६५ डबा, केबल ग्लँड (केबल आत जाते तिथली पकड) घट्ट, जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक, आणि शक्य तर डबा प्लांट-रूमच्या बाहेरच. तसंच सर्व्हर आणि पॅनेल जमिनीपासून उंच लावा. २०१९ चा पूर पाहिलेल्या भागात हे वेगळं सांगायला नको, तरी रास्पबेरी पाय सुरुवातीला टेबलाखाली होता.

नोंदी साठवण्याचा भाग दोनदा बदलला. पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांनी फायरस्टोअर हा गूगलचा ऑनलाइन डेटाबेस वापरला होता आणि एका चेंबरवर दर पाच सेकंदांनी तीन नोंदी जात होत्या. म्हणजे दिवसाला ५१,८४० लेखनं, आणि मोफत मर्यादा २०,०००. सव्वानऊ तासांत मर्यादा संपायची. ती अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला, पुन्हा मिळते. त्यामुळे रोज रात्री दहाच्या सुमारास आलेख थांबायचा आणि दुपारी सुरू व्हायचा. आठवडाभर सगळे सेन्सरवर संशय घेत होते. आता नोंदी जागेवरच्या सर्व्हरवर पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जातात, दर पाच मिनिटांनी. सहा चेंबरचे १८ आकडे, दिवसाला ५,१८४ ओळी, वर्षाला १९ लाखांच्या आत. लहान सर्व्हरला हे सहज पेलतं. मेमरी कार्डवर डेटाबेस मात्र ठेवू नका. वीज जाऊन ऑगस्टमध्ये कार्ड खराब झालं आणि अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या. त्यानंतर एसएसडी, छोटा यूपीएस आणि रोज रात्री दुसऱ्या संगणकावर प्रत.

वेळेचा घोळही सांगायला हवा. बोर्डात घड्याळ नसतं, तो इंटरनेटवरून वेळ घेतो. वीज आली पण ब्रॉडबँड आलं नाही तर नोंदी १९७० सालच्या तारखेने पडतात. आता वेळेचा शिक्का सर्व्हर मारतो आणि सर्व्हरला डीएस३२३१ घड्याळ आहे.

सूचनांचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि विद्यार्थी यालाच सगळ्यांत कमी वेळ देतात. एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे डीएलटी (व्यावसायिक एसएमएससाठीची) नोंदणी, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं ठरलेलं नाव, आणि मंजूर मजकूर लागतो. एवढ्याशा कामासाठी ते जड जातं. टेलिग्राम बॉट (आपोआप निरोप पाठवणारं खातं) मोफत आणि पुरेसा आहे. मर्यादा ६ अंश ठेवली होती आणि ओलांडताक्षणी सूचना जायची. डीफ्रॉस्ट (कूलरवरचा बर्फ वितळवणं) चालू असताना हवेचं तापमान चढतंच, माल भरताना दार उघडं असतंच. आता सलग ४० मिनिटं ६ अंशांवर राहिलं तरच सूचना जाते, आणि भरणीच्या दिवशी ऑपरेटर त्या चेंबरपुरतं 'भरणी चालू' असं बटण दाबतो, जे आठ तासांनी आपोआप सुटतं. दुसरा सेन्सर दाराजवळून काढून थप्प्यांच्या मधोमध नेला. पहिला कूलरकडे परत जाणाऱ्या हवेत आहे. दोहोंतला फरक दीड अंशाच्या वर राहू लागला की थप्पी हवेची वाट अडवते आहे असं समजायचं. हा उपयोग मूळ मागणीत नव्हता. आज तोच सर्वांत जास्त कामाला येतो.

याहून धोकादायक होतं ते गप्प राहणं. बोर्ड बंद पडला तर डॅशबोर्ड शेवटचा आकडा तसाच दाखवत राहायचा, हिरव्या रंगात, ४.१ अंश. चौदा तास तो आकडा तसाच होता आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. आता १५ मिनिटं नोंद आली नाही की चौकट करडी होते आणि वेगळी सूचना जाते. इंटरनेटच गेलं तर टेलिग्रामही जातं, म्हणून गेटजवळ हूटर आहे. त्याचा स्वतंत्र बोर्ड सर्व्हरकडून दर मिनिटाला खुशालीचा निरोप घेतो. दहा मिनिटं निरोप आला नाही की हूटर वाजतो. दर सोमवारी सकाळी दहाला सर्व्हरची केबल मुद्दाम काढून हूटर वाजतो का ते बघायचं, ही एक ओळ ऑपरेटरच्या वहीत आहे.

आता कागद आणि खाती. प्रोजेक्ट मे महिन्यात संपला, जूनमध्ये मुलं पुण्या-बेंगळुरूला नोकरीवर रुजू झाली आणि कॉलेजचा ईमेल बंद झाला. कोडचं भांडार एका विद्यार्थ्याच्या वैयक्तिक गिटहब खात्यात, बॉट दुसऱ्याच्या टेलिग्राम खात्यातून बनवलेला, डॅशबोर्डचा पासवर्ड तिसऱ्याकडे. मुलं अतिशय चांगली, फोन केला की रात्रीसुद्धा मदत करत. पण यंत्रणा त्यांच्या सौजन्यावर चालणं त्यांच्यावरही अन्याय आहे. सगळी खाती पहिल्याच आठवड्यात स्पॉन्सरच्या ईमेलवर काढावीत आणि विद्यार्थ्यांना त्यांत आत घ्यावं.

सप्टेंबरमध्ये राउटर बदलला आणि सहाही बोर्ड एकदम बंद, कारण वाय-फायचं नाव आणि पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला. कोड पुन्हा कंपाइल करायला घेतला तर होईना. ईएसपी-३२ चा आर्डुइनो कोर (बोर्डाचा कोड ज्यावर बनतो तो मूळ संच) आवृत्ती २ वरून ३ वर गेला तेव्हा बझरसाठी वापरलेलं लेडसी-सेटअप हे फंक्शन काढून टाकलं गेलं, आणि कोणत्या आवृत्तीवर कोड लिहिला ते कुठेही नोंदलेलं नव्हतं. तात्पुरता उपाय असा: नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा. दहा मिनिटांत सगळं परत सुरू झालं. कायमचा उपाय म्हणून आता बोर्ड स्वतःचं छोटं नेटवर्क उघडतो आणि मोबाइलवरून पासवर्ड भरता येतो. लायब्ररींच्या आवृत्त्या भांडारात लिहिल्या आहेत.

मालकीचं लेखी करून घ्या. विद्यार्थी नोकर नसतो, त्यामुळे त्याने लिहिलेल्या कोडचा हक्क खर्च उचलला म्हणून आपोआप स्पॉन्सरकडे येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. एक पान पुरतं: कोड वापरण्याचा आणि बदलण्याचा कायमचा हक्क स्पॉन्सरला, रिपोर्ट आणि पेपर छापण्याचा हक्क विद्यार्थ्यांना, शेतकऱ्यांची नावं आणि मालाचे आकडे कुठेही छापायचे नाहीत. कॉलेजचं स्वतःचं धोरण असेल तर गाइडकडून आधी बघून घ्या.

यंत्रणेत तापमानाचा अंदाज सांगणारा एआयचा भागही होता. तो सहा आठवड्यांच्या नोंदींवर शिकवलेला, आणि ते आठवडे भरणीच्या हंगामातले. जूनपासून दारं बंद, बाहेर दमट हवा, माल थंड झालेला. अंदाज रोज चुकत गेला. जुलैत तो बंद केला. परीक्षकांसमोर असा भाग शोभतो हे खरं आहे, आणि मुलांना गुण मिळायलाच हवेत. पण त्यासाठी गेलेले दोन महिने हूटर आणि वीजपुरवठ्याला मिळाले असते तर उन्हाळ्यातच यंत्रणा भरवशाची झाली असती.

खर्च एकूण ३८ हजारांच्या आसपास आला. त्यात सेन्सर आणि बोर्ड दहा हजारांच्या आत. बाकी केबल, डबे, एसएमपीएस, यूपीएस, एसएसडी. मुलांनी मूळ अंदाज चौदा हजारांचा दिला होता आणि त्यात केबल व डबे नव्हतेच.

वेळापत्रकाचं गणित इथल्या हंगामाशी जुळत नाही, हे आधीच धरून चाला. अंतिम वर्षाचं आठवं सत्र जानेवारी ते मे, आणि बेदाण्याची आवक फेब्रुवारीपासून वाढत जाते. बसवणं आणि चाचणी नेमकी अशा वेळी येते जेव्हा चेंबरजवळ उभं राहायलाही कोणाला फुरसत नसते. म्हणून येत्या प्रोजेक्टला अट घातली आहे की एका चेंबरवरचा पूर्ण संच, कितीही ओबडधोबड असला तरी, दिवाळीच्या सुट्टीआधी जागेवर चालू हवा. जानेवारीत उरलेले, मार्चअखेर नवं काही जोडणं बंद. एप्रिलमध्ये एकच परीक्षा: इथला इलेक्ट्रिशियन लिहून दिलेला कागद वाचून एक बोर्ड बदलणार, मुलांनी शेजारी उभं राहायचं आणि बोलायचं नाही. जिथे तो अडेल ती ओळ कागदात नव्याने लिहायची. मागच्या वेळी हे डिसेंबरमध्ये, मुलं सुट्टीला आली असताना केलं. पहिल्या खेपेला पावणेतीन तास लागले, तिसऱ्या खेपेला पंचवीस मिनिटं.

सध्या राहिलेलं काम: चौथ्या चेंबरचा एक सेन्सर बर्फाच्या पाण्यात शून्याऐवजी ०.६ दाखवतो, म्हणजे त्याच्या अर्ध्या अंशाच्या हमीबाहेर. तो बदलायचा आहे. दाराला स्विच लावायचा आहे. आणि प्रोग्राम भरून तयार ठेवलेला एक जादा बोर्ड कपाटात आहे, त्याच्या डब्यावर बदलण्याचा कागद चिकटवलेला आहे.