बिघडलेली हार्ड डिस्क आणि डीडीरेस्क्यू : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या अक्षरजुळणीच्या संगणकातील ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर अकरा वर्षांची पुस्तके आणि दिवाळी अंक होते, आणि बॅकअप त्यातल्या निम्म्याच कामाचा होता. आठ महिन्यांपूर्वी एखादे फोल्डर उघडताना विंडोज मिनिटभर अडकू लागले. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्या स्मार्ट नोंदी पाहिल्या, तेव्हा वाचता न आलेल्या प्रलंबित सेक्टरांचा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणुकीचा छोटा कप्पा), म्हणजे १९७ क्रमांकाच्या नोंदीचा, आकडा रोज वाढत होता. विंडोज डिस्क तपासणी सुचवत होते, पण ती तपासणी त्याच डिस्कवर दुरुस्त्या लिहिते, म्हणून मी ती चालवली नाही. संगणक बंद केला, डिस्क काढली आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची नव्या डिस्कवर प्रत काढणारा प्रोग्रॅम घेऊन बसलो. उबुंटू या लिनक्समध्ये त्याच्या पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू असे आहे. जवळजवळ त्याच नावाचा दुसराही एक प्रोग्रॅम आहे, त्यामुळे घेताना नीट पाहावे.

या आकाराच्या डिस्कवर ५१२ बाइटांचे ९७ कोटी ६७ लाखांहून अधिक सेक्टर असतात. साधी कॉपी पहिल्या खराब सेक्टरवरच अडून बसते. डीडीरेस्क्यू मात्र जो भाग सहज वाचता येतो तो आधी उचलते, अवघड पट्टे ओलांडून पुढे जाते, मग त्या पट्ट्यांच्या कडा वाचते आणि शेवटी आतला एकेक सेक्टर खरवडून काढते. कुठला भाग वाचला आणि कुठला राहिला हे ते मॅपफाइलमध्ये लिहीत असल्यामुळे मध्ये दोनदा वीज गेली तरी काम होते तिथूनच पुढे सुरू झाले. बहुतेक डिस्क नऊ तासांत उतरली, उरलेल्यासाठी पाच दिवस लागले आणि शेवटी सुमारे ४१ एमबी वाचता आले नाही. एक धोका सांगायलाच हवा: मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची नावे आज्ञेत उलटसुलट झाली, तर मूळ माहितीच पुसली जाते. मी दोन्ही डिस्कांवर त्यांचे अनुक्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आज्ञा देण्यापूर्वी ते स्क्रीनवरच्या क्रमांकांशी ताडून पाहिले.

पुढचे सारे काम त्या प्रतीवर केले. हरवलेल्या फाइली परत मिळवणाऱ्या टेस्टडिस्क या प्रोग्रॅमने बहुतेक फोल्डर नावांसकट परत दिले. जिथे एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल-व्यवस्थेच्या, मुख्य तक्त्यातील नोंदीच गेल्या होत्या, तिथे फोटोरेक हे दुसरे साधन वापरावे लागले. ते फाइलच्या सुरुवातीची ठरावीक खूण ओळखून फाइल उचलते, त्यामुळे मूळ नाव आणि फोल्डर हाती लागत नाही आणि तुकड्यांत विखुरलेली फाइल अनेकदा अर्धवटच निघते. हजारो निनावी वर्ड फाइलींपुढे माझी खरी अडचण फाँटची होती. जुने काम श्रीलिपीच्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे आतून रोमन अक्षरे आणि चिन्हे म्हणून साठवणाऱ्या फाँटमध्ये, असल्यामुळे मराठी शब्द टाकून काहीही सापडत नव्हते. मग एका शाबूत फाइलचा फाँट बदलून ‘प्रकरण’ या शब्दाच्या जागी कोणती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात ते पाहिले आणि तीच शोधली. पुस्तकांच्या फाइली त्यामुळे पत्रव्यवहारापासून वेगळ्या काढता आल्या. अक्षरजुळणी करणाऱ्यांनी ही युक्ती जरूर लक्षात ठेवावी.

तीन महिन्यांनी एका पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढताना, नावासकट परत आलेली फाइलही मध्येच तुटलेली निघाली. नाव परत आले म्हणजे मजकूरही पूर्ण आला, असे मी गृहीत धरले होते. डीडीरेस्क्यूमध्ये न वाचलेल्या जागा आपण दिलेल्या मजकुराने भरण्याची सोय आहे. प्रतीची आणखी एक प्रत करून त्यात एक खुणेचा शब्द भरला आणि तो ज्या फाइलींत सापडला त्यांची यादी केली. अशा ६३ फाइली निघाल्या. ही यादी पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती.

नंतर ओळखीच्यांच्या दोन डिस्का याच क्रमाने सोडवल्या. तिसरी टकटक आवाज करत होती. तो आवाज बहुधा हेडच्या, म्हणजे तबकडीवरून माहिती वाचणाऱ्या भागाच्या, बिघाडाचा असतो आणि अशी डिस्क फिरत ठेवली तर तबकड्या ओरखडल्या जाऊ शकतात, म्हणून ती सुरूही न करता स्वच्छ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगितले. एसएसडीवरून पुसलेल्या फाइलींच्या बाबतीतही मी आशा दाखवत नाही, कारण ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींच्या जागा मोकळ्या झाल्याचे डिस्कला कळवणारी सोय, चालू असेल तर त्या जागा बहुधा रिकाम्या झालेल्या असतात.

माझ्या ६३ फाइलींपैकी बहुतेकांचा मजकूर लेखकांकडच्या मुद्रितांवरून पुन्हा जुळवला. सहा अजून बाकी आहेत आणि त्यांतल्या दोनांची छापील प्रत मी शोधतो आहे.